पेशींचे वार्धक्य व कर्करोग
(नभोवाणीवरील भाषण)

हैदराबाद शहरात लकडी का पूल मागे टाकून रेड हिल्सच्या बाजूस वळले की मेहदी नवाज जंग यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय लागते. १९५५ साली स्थापन झालेल्या या संस्थेत खेड्यापाड्यांतून आलेली माणसे हातात तपासण्यांचे कागद घेऊन आपल्या पाळीची वाट पाहत असतात. शहराच्या पूर्व अंगास, हब्सीगुड्याला, आणखी एक संस्था आहे. तिचे नाव पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्र. १९७७ साली तिची स्थापना झाली आणि डॉ. पुष्प मित्र भार्गव हे तिचे पहिले संचालक होते. या दोन वास्तूंत फारसे साम्य नाही. एकीत माणसे आहेत, दुसरीत सूक्ष्मदर्शके आहेत. परंतु पहिल्या ठिकाणी रुग्णाचे आप्त जो प्रश्न विचारतात, त्याचेच उत्तर दुसऱ्या ठिकाणच्यासारख्या प्रयोगशाळांतून शोधले जात असते. तो प्रश्न असा: "इतकी वर्षे धडधाकट असलेल्या माणसाला उतारवयातच हा रोग का व्हावा?"

श्रोतेहो, या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा आपल्या शरीरातील पेशींच्या म्हातारपणापर्यंत जाऊन पोहोचतो. तोच धागा आज आपण हाती घेणार आहोत.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे आणि एका पेशीच्या दोन पेशी होऊनच ते वाढते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. कातडीवरची जखम भरून येते ती या विभाजनामुळे. आतड्याचे अस्तर झिजते आणि पुन्हा नवे होते तेही यामुळेच. मग एखादी पेशी अशी किती वेळा विभागू शकेल? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर "हवी तितकी वेळा" असे होते. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत अलेक्सिस कॅरेल या नोबेल पारितोषिक मिळविलेल्या शल्यविशारदाने १९१२ साली कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा एक तुकडा काचपात्रात वाढविण्यास घेतला होता, आणि ते संवर्धन पुढे तब्बल चौतीस वर्षे चालू ठेवण्यात आले. पेशी स्वभावतः अमर असते, मरते ते शरीर, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात आला. तो इतका रूढ झाला की, ज्याच्या पात्रातील पेशी मरत तो संशोधक दोष स्वतःच्या हाताला देई.

हा समज मोडला तो १९६१ साली. फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेत लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड हे माणसाच्या संयोजी ऊतींमधील पेशी वाढवीत होते. त्यांना आढळले की या पेशी सुमारे पन्नास वेळा दुणावतात आणि मग थांबतात. त्या मरत नाहीत. अन्न घेतात, श्वसन करतात, महिनोन्‌महिने जिवंत राहतात. फक्त विभागत नाहीत. दोष पात्रातील अन्नाचा नाही हे दाखविण्यासाठी त्यांनी एक अगदी साधा प्रयोग केला. पुष्कळ वेळा विभागलेल्या 'वृद्ध' पुरुषपेशी आणि थोड्याच वेळा विभागलेल्या 'तरुण' स्त्रीपेशी त्यांनी एकाच पात्रात एकत्र वाढविल्या. काही काळाने पाहावे तो पात्रात केवळ स्त्रीपेशी उरल्या होत्या. अन्न एक, हवा एक, पात्र एक. तरीही वृद्ध पेशींनी आपली वेळ होताच विभागणे थांबविले होते. म्हणजे मोजदाद ठेवणारे काहीतरी पेशीच्या आतच असले पाहिजे. कॅरेलच्या पात्रातील पेशी टिकल्या, त्याचे कारण बहुधा असे की, त्यांना अन्न म्हणून घातल्या जाणाऱ्या गर्भरसातून नव्या पेशी नकळत आत येत असाव्यात.

ही मोजदाद कोण ठेवते? आपल्या गुणसूत्रांची टोके. दोरखंड उसवू नये म्हणून त्याच्या टोकाला सूत गुंडाळून बांधतात, त्याप्रमाणे प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला डीएनएच्या सहा अक्षरांची एकच ओळ हजारो वेळा लिहिलेली असते. तिला टेलोमिअर म्हणतात. तिच्यात कोणतीही आज्ञा नाही. तिचे काम केवळ टोक राखण्याचे. आता पेशी विभागताना सगळ्या डीएनएची नक्कल व्हावी लागते, आणि येथे एक अडचण उद्भवते. घर सारवीत सारवीत मागे सरणारी गृहिणी आपणांस आठवत असेल. साऱ्या खोलीवरून तिचा हात फिरतो, पण ती स्वतः जेथे बसलेली असते ती पायाखालची जागा तिला सारवता येत नाही. नक्कल करणाऱ्या यंत्रणेचेही तसेच आहे. टोकाचा अगदी शेवटचा भाग तिच्याकडून राहूनच जातो. परिणामी दर विभाजनाबरोबर टोक थोडे थोडे आखूड होते, आणि ते एका मर्यादेपलीकडे आखूड झाले की पेशी त्याला तुटलेले सूत्र समजते व विभाजन थांबविते. या थांबलेल्या अवस्थेला आपण पेशीची जरावस्था म्हणू.

आता एक शंका येईल. टोके जर अशी झिजतच असतील तर पुढच्या पिढीला आखूड टोके मिळाली असती, आणि मानवजात केव्हाच संपली असती! तसे होत नाही, कारण टोके पुन्हा लांब करणारे टेलोमरेज नावाचे एक विकर निसर्गापाशी आहे. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर यांना ते १९८४ साली एका तळ्यातल्या एकपेशीय जीवात सापडले. टेलोमिअरविषयीच्या संशोधनासाठी या दोघींना व जॅक शोस्टॅक यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बीजपेशी निर्माण करणाऱ्या ऊतींत हे विकर कार्य करते. शरीराच्या बहुसंख्य सामान्य पेशींत मात्र निसर्गाने ते बंद करून ठेवले आहे.

ते का, हे समजून घेण्यासाठी बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जावे लागेल. तेथे १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील पेशी जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत वाढविण्यात आल्या. ती स्त्री त्याच वर्षी वारली. तिच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांतून वाढत आहेत. त्यांना पन्नासाची मर्यादा नाही. मराठी वाचकांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे या याच जॉर्ज गाय यांच्यापाशी पेशी वाढविण्याचे तंत्र शिकल्या. त्याआधी मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली त्यांचे संशोधन झाले होते. परदेशातून परतल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. आपल्या देशात या विद्येचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.

लॅक्सबाईंच्या पेशी अमर कशा झाल्या, ते पुढे उलगडत गेले. १९८९ साली त्या पेशींत टेलोमरेज आढळले. सामान्य पेशींत बंद असलेले विकर तेथे पुन्हा चालू झाले होते. नंतरच्या तपासण्यांत असे दिसून आले की, दहातील साधारण नऊ कर्करोगांत हे विकर चालू असते. गणित सरळ आहे. एखाद्या पेशीत बिघाड झाला आणि ती बेसुमार विभागू लागली, तरी तिची टोके झिजून ती आपोआप थांबावी, अशी निसर्गाची योजना आहे. कर्करोग व्हावयाचा तर पेशीला प्रथम हा बांध ओलांडावा लागतो. महाभारतातल्या अश्वत्थाम्याला चिरंजीवित्व मिळाले ते वर म्हणून नव्हे, शाप म्हणून. पेशीच्या बाबतीतही अमरत्वाची तीच कथा आहे.

परंतु पेशी केवळ टोके झिजल्यामुळेच थांबते असे नाही. १९९७ साली अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील संशोधकांनी निरोगी पेशीत एक कर्करोगकारक जनुक मुद्दाम घातले. पेशी चेकाळून विभागू लागेल अशी कोणाचीही अपेक्षा असती. घडले उलटेच. टोके चांगली लांब असताना ती पेशी थबकली आणि कायमची थांबली. जणू आपल्याला चुकीच्या दिशेने ढकलले जात आहे हे ओळखून तिने स्वतःच लगाम खेचला. हा लगाम मुख्यतः दोन प्रथिनांच्या हाती असतो. एकाचे नाव पी-५३, दुसऱ्याचे आरबी. मानवी कर्करोगांपैकी जवळजवळ निम्म्यांत पी-५३ चे जनुक बिघडलेले सापडते, यावरून या राखणदाराची योग्यता लक्षात यावी. लॅक्सबाईंच्या पेशींत तर एका विषाणूने हे दोन्ही राखणदार निकामी करून टाकले होते.

या लगामाचे उदाहरण आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगावर आहे. ते म्हणजे तीळ. अनेक तिळांतील पेशींत, कातडीच्या एका घातक कर्करोगात सापडतो तोच जनुकीय बिघाड असतो. त्या पेशी काही काळ विभागल्या, त्यांचा लहानसा पुंजका झाला, आणि मग त्या थांबल्या. हॉलंडमधील संशोधकांनी २००५ साली या थांबलेल्या पेशींत जरावस्थेच्या खुणा दाखवून दिल्या. आई बाळाच्या गालावर काजळाची तीट लावते ती दृष्ट टळावी म्हणून. कातडीवरचा खरा तीळ ही पुष्कळदा अशाच एका टळलेल्या संकटाची खूण असते.

येथवर ऐकून कोणालाही वाटेल की, पेशीचे वार्धक्य हे तर वरदानच ठरले. मग वय वाढते तसतसा कर्करोग का वाढावा? थांबलेल्या पेशी वयाबरोबर वाढतात. तेव्हा संरक्षणही वाढावयास हवे! या विषयाची खरी गुंतागुंत येथे सुरू होते.

थांबलेली पेशी स्वस्थ बसत नाही. ती सभोवार नाना प्रकारची द्रव्ये सोडू लागते. काही दाह उत्पन्न करणारी, काही शेजारच्या पेशींना वाढीस चिथावणारी, काही तर पेशींमधील आधारतंतू विरघळविणारी. कॅलिफोर्नियातील ज्युडिथ कँपिसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली असे दाखविले की, कर्करोगाच्या उंबरठ्यावर असलेल्या पेशींबरोबर वृद्ध संयोजी पेशी उंदरांच्या शरीरात घातल्या, तर अर्बुदे अधिक जोमाने वाढतात. तरुण संयोजी पेशी घातल्या तर तसे होत नाही. म्हणजे जी पेशी स्वतः कर्करोगी होण्याचे नाकारते, तीच शेजारणीला त्या वाटेवर लोटते.

असे का व्हावे? याचे एक कारण पेशीच्या केंद्रकाच्या भिंतीत सापडले आहे, आणि त्यासाठी आपल्याला पुन्हा हैदराबादला यावे लागेल. केंद्रकाच्या आवरणाला आतून लॅमिन नावाच्या प्रथिनांच्या जाळीचा आधार असतो. घराच्या भिंतीत कुडाचे जे काम, तेच येथे या जाळीचे. हब्सीगुड्याच्या केंद्रात डॉ. वीणा परनाईक यांनी या लॅमिन प्रथिनांचा, स्नायुपेशींच्या घडणीतील त्यांच्या कार्याचा आणि त्यांच्यातील बिघाडाच्या परिणामांचा दीर्घकाळ अभ्यास केला. लहान मुलांना अकाली म्हातारे करणाऱ्या प्रोजेरिया या दुर्मिळ विकाराचे मूळही लॅमिनच्याच जनुकातील चुकीत आहे, हे २००३ साली सिद्ध झाले. पेशी जरावस्थेत गेली की या जाळीतील एक घटक कमी होतो. कूड सैल पडतो आणि केंद्रकातील डीएनएचे कण बाहेर सांडू लागतात. केंद्रकाबाहेर सुटे डीएनए दिसणे ही पेशीच्या दृष्टीने विषाणू शिरल्याची खूण असते. ती घाबरून हाकाटी सुरू करते. शेजाऱ्यांना त्रास देणारा तो स्राव म्हणजे बव्हंशी ही हाकाटीच होय.

हाकाटी मुळात वाईट नव्हे. तिच्यामुळे रोगप्रतिकारक पेशी धावून येतात आणि थांबलेल्या पेशीला उचलून नेतात. जखम भरताना तर निसर्ग या पेशींचा काही दिवस उपयोगच करून घेतो. तारुण्यात ही झाडलोट वेळेवर होते. वय वाढले, प्रतिकारशक्ती मंदावली, किंवा एकाच जागी रोजच्या रोज इजा होत राहिली, की झाडलोट मागे पडते व थांबलेल्या पेशी साठत जातात. पहाऱ्यासाठी नेमलेली माणसे पाळी संपल्यावरही घरी न जाता चौकातच आरडाओरडा करीत बसली, तर वस्तीची जी दशा होईल, तीच त्या ऊतीची होते.

रोजच्या रोज होणाऱ्या या इजेचे उदाहरण, दुर्दैवाने, आपल्या तोंडातच आहे. ते म्हणजे सुपारी. जेवणानंतर पानाचा विडा ही हैदराबादेत जशी रीत, तशीच ती महाराष्ट्रातही. परंतु सुपारी, मसाला किंवा गुटखा दिवसभर गालात धरून ठेवणाऱ्यांचे गाल हळूहळू आतून पांढरट व ताठ होतात, तिखट झोंबू लागते आणि तोंड उघडेनासे होते. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या विकाराचे वर्णन करून त्याला अधःश्लेष्मल तंतुमयता या अर्थाचे इंग्रजी नाव दिले. तेच आज जगभर रूढ आहे. हा विकार कर्करोगाची पूर्वपायरी ठरू शकतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पथकाने केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर सतरा वर्षे लक्ष ठेवले; त्यांच्यापैकी पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला. पुढे २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारी ही तंबाखूशिवायसुद्धा कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा दिला. "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो," असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

या ताठ झालेल्या गालात काय दडले आहे? लंडन येथील संशोधकांनी २०११ साली दाखविले की, तेथे जरावस्थेत गेलेल्या संयोजी पेशींचा साठा झालेला असतो. त्यांची टोके झिजलेली नसतात. म्हणजे त्या वयाने नव्हे, इजेने म्हाताऱ्या झालेल्या असतात. या पेशी तंतू विरघळविणारी विकरे सोडतात. त्यामुळे ताठरपणाला काही अंशी उतार पडत असेल. परंतु तीच विकरे कर्करोगाच्या पेशींना पसरण्यास वाट मोकळी करून देऊ शकतात. पंचवीस वर्षांच्या तरुणाच्या गालात अशा रीतीने साठ वर्षांचे म्हातारपण येऊन बसते. उतारवयाचा म्हणून ओळखला जाणारा रोग आपल्याकडे ऐन उमेदीत तोंडात का दिसतो, याचे निदान एक अंग तरी यातून उमगते.

मग या साठलेल्या पेशी काढून टाकता येतील काय? उंदरांत ते साधले आहे. २०११ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये, लवकर म्हातारे होणाऱ्या उंदरांच्या शरीरातील जराग्रस्त पेशी नाहीशा करण्यात आल्या, तेव्हा म्हातारपणाचे अनेक विकार लांबणीवर पडले. २०१५ पासून अशा पेशींना वेचून मारणारी औषधे पुढे आली असून माणसांवर त्यांच्या चाचण्या होत आहेत. कर्करोगावरील औषधे आणि किरणोपचार यांमुळेही काही पेशी मरण्याऐवजी जरावस्थेत जातात. २०१७ साली उंदरांत असे आढळले की, उपचारानंतरचा थकवा व रोगाचा पुन्हा उद्भव यांत त्या पेशींचा हात असतो. म्हणून आधी औषधाने कर्करोगाच्या पेशी थांबवाव्यात आणि मग थांबलेल्या पेशी दुसऱ्या औषधाने झाडून काढाव्यात, असाही विचार चालू आहे. हे सारे आशादायक आहे. तथापि जखम भरण्यासाठी याच पेशी लागतात, हे विसरून भागणार नाही.

येथे सावधगिरीचे दोन शब्द सांगणे मला अवश्य वाटते. गुणसूत्रांची टोके लांब करून तारुण्य परत देणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती आपण पाहिल्या असतील. ययातीने मुलाचे तारुण्य उसने घेतले, त्यालाही अखेर ते परत करावे लागले. टेलोमरेज जागे करणे म्हणजे कर्करोगाच्या वाटेवरचा एक बांध आपल्या हाताने फोडणे ठरू शकते, हे आजचे विवेचन लक्षात घेतले म्हणजे सहज पटेल. आपल्या पेशी म्हाताऱ्या होतात, म्हणून आपण इतकी वर्षे कर्करोगावाचून जगतो. तो झिजेचा भाग ही आपल्या सुरक्षिततेची किंमत आहे.

श्रोतेहो, वयामुळे साठणाऱ्या पेशींना थोपविणे आज आपल्या हाती नाही. इजेमुळे साठणाऱ्या पेशींना थोपविणे मात्र पुष्कळ अंशी आहे. आज रात्री आरशासमोर उभे राहून आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात की नाही, एवढे पाहावे. जात नसतील, गालात पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, किंवा दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे. एखादा तीळ आकार वा रंग बदलू लागला, तर त्याबाबतही हेच करावे. आणि घरात कोणी सुपारी चघळणारे असेल, तर त्यांना ही हकीकत समजावून सांगावी. कुठे थांबायचे हे साध्या पेशीला कळते. सुपारीच्या पुडीकडे जाणारा हात थांबविणे मात्र माणसाचे काम आहे.